फ्लेक्सची पांढरी बाजू

"मॅडम, तुम्हाला ते मेडल मिळालं असतं, तर आम्ही तुम्हाला कोणत्या रकान्यात लिहिलं असतं?"

हे मी विचारलं. माईकवर. चारशे पोरी, झाडून सगळे शिक्षक, संस्थेचे दोन पदाधिकारी आणि एक वार्ताहर यांच्यासमोर. तोंड माझं होतं, पण पैज मुबश्शिराची. सकाळी सायकलस्टँडवर ती म्हणाली होती, "चांगुणे, आजकाल लई बोलायला लागलीयस ना तू? मग हे विचारून दाखव. शुक्रवारचा माझा बिर्याणीचा डबा तुझा." आणि पूजा, जी स्वतः वर्गात पाणी प्यायला जाऊ का एवढंसुद्धा विचारत नाही, ती म्हणाली, "काही विचारत नाही ती. माईक हातात आला की तिचं परत मांजर होणार." मग काय, विचारलंच! आणि खरं सांगायचं तर पैज नसती तरी विचारलं असतं, कारण गेल्या वर्षीपर्यंत मी हजेरीला 'हजर' म्हणायचे ते माझं मलाच ऐकू यायचं नाही. चांगुणा हे नाव पणजीचं. नवीन मॅडम हजेरी घेताना त्या नावापाशी थांबायच्या आणि वर बघायच्या, वर्गात कुणी नऊवारीतलं बसलंय की काय अशा नजरेनं. मी आणखीच खाली सरकायचे. यंदा सप्टेंबरात गणित ऑलिंपियाडची पहिली फेरी झाली, तिच्यात आमच्या नगरमधनं जे थोडेसे पार झाले त्यांत मी होते, आणि काय झालं कुणास ठाऊक, मोरीचा बोळा निघावा तसा आवाजच मोकळा झाला माझा. आता मी रिक्षावाल्याशी वाद घालते. आरशाशी बोलते. स्वतःचं नाव सांगताना शेवटचा 'णा' चांगला लांबवते.

तर रकाने. बावीस डिसेंबरच्या गणित दिनासाठी गहिनीनाथ सरांनी मला मोठा तक्ता करायला सांगितला होता: गणितातलं ते सगळ्यांत मोठं मेडल, चार वर्षांतनं एकदा देतात, चाळिशीच्या आतल्या माणसांना देतात, ते कोणत्या देशाला किती. गहिनीनाथ सर आमचे गणिताचे, भला माणूस, पण त्यांच्या वहीत एक खाडाखोड दिसली तर त्यांना रात्री झोप येत नसणार. मी मुबश्शिराच्या मोबाईलवर साइटी बघून बघून रकाने भरले. अमेरिका, फ्रान्स यांचे झेंडे एकाखाली एक चिकटवताना डिंक संपला. इराणच्या रकान्यात एक बाई आली तेव्हा मुबश्शिरा एवढी किंचाळली की तिच्या अम्मीनं स्वयंपाकघरातनं विचारलं, पाल पडली का. युक्रेनच्या रकान्यात दुसरी बाई. चौसष्ट जणांत बायका दोनच. आणि भारताचा रकाना, ज्याचा झेंडा मी सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत सुबक काढला होता, तो मोकळा. सर आले, बघितलं, मोकळ्या रकान्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "अगं, मूळचे आपले दोघं आहेत ना. एकाचे आईवडील इथले, तो कॅनडात जन्मला. दुसरा दिल्लीत जन्मला, दोन वर्षांचा असताना ऑस्ट्रेलियात गेला. लिही. पाहुणे येणारेत, रकाना मोकळा बरा दिसत नाही." मी लिहिले. ते त्यांच्या त्यांच्या देशातही होतेच, आणि आता आमच्याकडेही. मग मुबश्शिरानं सगळ्या रकान्यांची बेरीज केली, तिला नको तिथं बेरीज करायची खोडच आहे, आणि म्हणाली, "माणसं चौसष्ट, मेडलं एकाहत्तर. ही सात जणं दोनदा जन्मली का गं?" आम्ही हसून हसून भिंतीला टेकलो. पण हसताना मला काहीतरी बारीक टोचलं. ते काय होतं हे मला तेव्हा कळलं नाही. कळून घ्यायचं नव्हतं म्हणा.

पाहुण्या होत्या डॉक्टर राजनंदिनी गोलेकर, जर्मनीत गणित शिकवतात. शाळेच्या फाटकावर त्यांचा वीस फुटी फ्लेक्स होता: 'खर्ड्याची सुकन्या, जगाची शान.' तो माझ्या पप्पांनी छापला होता. शहरात पप्पांचं फ्लेक्सचं दुकान आहे, आणि पप्पा मूळचे खर्ड्याचे, त्यामुळे त्यांनी त्या फ्लेक्सवर आपल्या मनानं खर्ड्याचा किल्लाही टाकला होता. जर्मनीचं नाव मात्र अगदी खाली, बारीक. मॅडम साध्या निघाल्या, पांढरे होत आलेले केस, बूट. माझा प्रश्न ऐकून त्या आधी हसल्या. "ते मेडल चाळिशीच्या आत मिळतं," त्या म्हणाल्या, "मी त्रेचाळीसची आहे. तुझा तक्ता माझ्यापासून सुरक्षित आहे." सगळे हसले. मी बसणार एवढ्यात त्या म्हणाल्या, "थांब." आणि त्यांनी माईक जवळ ओढला. त्यांचं मराठी जुनं होतं, ट्रंकेतनं काढलेल्या साडीसारखं, घड्या तशाच. "खर्डं मी चार वर्षांची असताना सोडलं. मला तिथलं एवढंच आठवतं की किल्ल्याच्या भिंतीला हात लावला की ती गरम असायची. शाळा नाशिकला. पासपोर्ट आता जर्मनीचा. पण तू रकाना विचारलास. मी एका गोष्टीवर सहा वर्षं चुकत होते. सहा वर्षं. रोज चुकायचे आणि घरी जायचे. आणि तिथले, जर्मनीतले लोक मला रोज सकाळी पुन्हा आत घेत होते. तर मला वाटतं, मला जिथं चुकायला जागा मिळाली, तिथं लिही." भाषण संपलं असं समजून मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. गहिनीनाथ सर टाळ्या वाजवत नव्हते. ते माझ्या तक्त्याकडे बघत होते. मुबश्शिरा माझ्या मांडीवर चापट मारून म्हणाली, "जिंकलीस, जा. शुक्रवारी ये." पण मला जिंकल्यासारखं काही वाटेना.

कारण मी सायकलवर बसले आणि नगरच्या दिल्ली गेट वेशीच्या अलीकडच्या गर्दीत, एका टेम्पोच्या मागं एक पाय टेकून उभी राहिले, तेव्हा ते टोचणं परत आलं. आता त्याला नाव होतं: उद्या. उद्या सकाळी चौकात माझा फ्लेक्स लागणार होता. खरंच. हर्षल सरांचा क्लास म्हणजे आमच्याकडं सगळ्यांत चालणारा, अकरावी-बारावीचा, इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची तयारी करून घेणारा. ऑलिंपियाडचा निकाल लागला त्याच आठवड्यात ते दुकानात आले होते, पेढे घेऊन. पप्पांना म्हणाले, पोरीला पुढची दोन वर्षं फुकट शिकवतो, फक्त फोटो आमच्या फ्लेक्सवर येऊ द्या, 'आमची विद्यार्थिनी' म्हणून. मी त्यांच्या क्लासात तोवर पायसुद्धा ठेवला नव्हता. मग फोटोसाठी नेलं, त्यांच्या फळ्यापुढं उभं केलं, हातात त्यांचं पुस्तक दिलं. आणि मी हसले! कुणी हस म्हणायच्या आत हसले. मला हवा होता तो फ्लेक्स, खोटं कशाला बोलू. चौकात माझं तोंड, जिथं आजवर फक्त भाऊ, दादा, साहेब. ज्या मॅडम हजेरीला थांबायच्या त्यांनी सिग्नलला थांबावं आणि वर बघावं, असं मी अंथरुणात पडल्या पडल्या किती वेळा रंगवलं होतं. पप्पांनी तर आईला सांगितलंच होतं, "अठरा वर्षं झाली, लोकांची तोंडं चौकात टांगतोय. यंदा आपल्या घरातलं." हे म्हणताना त्यांनी मान दुसरीकडं वळवली होती.

टेम्पो हलला, मी हलले नाही. मागच्या माणसानं हॉर्न दिला. मला हर्षल सरांच्या क्लासचे ते तीन दिवस आठवत होते. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी सवय व्हावी म्हणून बसवलं होतं. भिंतीवर मोठं घड्याळ, प्रश्न पडद्यावर, एका प्रश्नाला सव्वा मिनिट. सव्वा मिनिटानं 'टंग' वाजतं आणि प्रश्न जातो. मला तो आवाज अजून दातांत जाणवतो. दुसऱ्या दिवशी एका प्रश्नात मला काहीतरी दिसत होतं, वळणावरच्या दिव्यासारखं, अजून थोडं गेलं असतं तर कळलं असतं, आणि टंग. मी हात वर करून म्हणाले, "सर, हा प्रश्न परत लावता का?" हर्षल सर वाईट नाहीत, ते प्रेमानंच म्हणाले, "बेटा, येत नाही तो सोडायचा. चुकायला वेळ नाही आपल्याकडं." सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं ते वाक्य. मीही लिहिलं! माझ्याच अक्षरात आहे. आणि नोव्हेंबरात ऑलिंपियाडची दुसरी फेरी झाली, तीन तासांत सहा प्रश्न, तेव्हा माझा एक सुटला आणि एक अर्धा. म्हणजे पुढं निवड नाही. पण तो अर्धा! दीड तास मी एकाच त्रिकोणात अडकून होते, चार वेळा चुकीच्या बाजूनं आत शिरले, बाहेर आले, घाम पुसला, आणि आयुष्यात इतकं चांगलं मला कधीच वाटलं नव्हतं. हे कुणाला सांगायचं? फ्लेक्सवर फक्त पहिली फेरी आहे. 'घवघवीत यश.' दुसऱ्या फेरीची ओळच नाही त्यावर. चौकात लागणारी मुलगी ती दीड तास चुकणारी नव्हतीच. ती कुणी तिसरीच होती, दोनदा जन्मलेली.

मग मला जिथं चुकायला जागा मिळाली ती कुठली? शाळेत नाही. चौथीत माझा भागाकार चुकला तेव्हा बाईंनी ते पान टर्रकन फाडायला लावलं होतं, वही स्वच्छ पाहिजे म्हणून, आणि त्या पानाला जोडलेलं मागचं बरोबर पानही सुटून आलं होतं. गहिनीनाथ सरांकडं नाही. क्लासमध्ये तर नाहीच. हे असं एकेक खोडत मी चालले होते, सायकल हातात धरून, आणि दुकानापाशी आले तेव्हा थिनरचा वास आला. तो वास आला की माझ्या डोक्यात आपोआप आकडे सुरू होतात, लहानपणापासून. मी तिथंच दारात थांबले. हे मला आजवर एकदाही विचित्र वाटलं नव्हतं. लोकांना भूक लागते वासानं, मला आकडे का?

आमच्या दुकानात रोज एखादा फ्लेक्स बिघडतो. नावात काना राहतो, भावी नगरसेवकाच्या गालावर शाईचा ओघळ येतो, वर्षश्राद्धाच्या बॅनरवर 'हार्दिक शुभेच्छा' पडतात. हे खरंच झालं होतं, पप्पा आठवडाभर त्या गल्लीतनं गेले नव्हते. बिघडलेले फ्लेक्स लोक कांद्यावर झाकायला नेतात, पण सगळे जात नाहीत. सहावीत असताना मला घरी कागद पुरायचा नाही. मी गणितं करायचे ती भसाभसा, मोठ्या अक्षरात, वही आठ दिवसांत संपायची. एक दिवस पप्पांनी काही न बोलता एक बिघडलेला फ्लेक्स दुकानाच्या मागच्या खोलीत उलटा पसरला, चार कोपऱ्यांवर शाईचे रिकामे डबे ठेवले, माझ्या हातात काळा मार्कर दिला आणि मशीनकडं निघून गेले. दहा बाय सहा फूट पांढरं! मी त्यावर गुडघ्यांवर बसून, सरकत सरकत, लिहायचे. चुकलं की मी थिनरचा बोळा मागायचे पुसायला. पप्पा म्हणायचे, "राहू दे की. जागा लई हाय. बाजूला कर परत." एवढंच. त्यांना त्या आकड्यांतलं काही कळत नव्हतं, ते स्वतः आठवीपर्यंत. त्यांना थिनर वाचवायचा असेल. आई संध्याकाळी रिंगा मारायला यायची, फ्लेक्सच्या कडा दुमडून चिकटवायची आणि दोरीसाठी भोकं पाडून पितळी रिंगा ठोकायची, ठक ठक, आणि मधेच माझ्या फ्लेक्सवरून चालत जाताना पदर वर धरायची, ओल्या अंगणातनं चालल्यासारखी. "तुझ्या गणितावर पाय पडला गं," म्हणायची आणि हात लावून नमस्कार करायची. चुकलेल्या गणितालासुद्धा! दुपारी दारातनं ऊन आलं की खालचं चित्र पांढऱ्यातनं वर यायचं, उलटं, पुसट. कितीतरी मूळ संख्या मी एका मिशाळ माणसाच्या कपाळावर शोधल्या आहेत. पाच वर्षांचे ते सगळे फ्लेक्स गुंडाळून मागच्या खोलीत उभे आहेत, बरोबरपेक्षा चूक जास्त, एक रेघ मारून बाजूला परत, रेघ मारून बाजूला परत. कुणी फाडले नाहीत. ज्या दिवशी पहिल्या फेरीचा निकाल आला त्या दिवशी मी सगळ्यांना फोन केले. त्या खोलीकडं बघितलंसुद्धा नाही.

"आली का," आई आतनं म्हणाली. "ये, बघ तरी. तुझाच चाललाय."

माझा फ्लेक्स जमिनीवर पसरलेला होता. पंधरा बाय दहा. आई एका कोपऱ्यात बसून रिंग ठोकत होती, माझ्या कानाच्या शेजारी. पप्पा उभे राहून, कमरेवर हात ठेवून, बघत होते. मी एवढी मोठी कधीच नव्हते. माझा एक डोळा आईच्या मांडीएवढा होता. आणि मी गोरी होते.

"चेहरा जरा उजळ केलाय," पप्पा म्हणाले. "चौकात ऊन असतं, तिथं काळपट दिसतंय."

"हाय तशी ठेवायची की," आई म्हणाली. "उद्या पोरगी चौकात गेली तर कुणी वळखायचं न्हाई."

"सगळ्यांचंच करावं लागतं. आमदाराचं पन करतो." मग माझ्याकडं बघून, "कसा झालाय? बोल की. तोंडाला कुलूप लावून का उभी?"

मी वाचलं. 'आमची विद्यार्थिनी.' खाली हर्षल सरांचा फोटो, माझ्यापेक्षा थोडाच लहान. पप्पांचं नाव माझ्या नावाच्या मधे होतं तेवढंच, कु. चांगुणा सहादेव गिते, आणि त्या अक्षरांतही पप्पांनी आपलं नाव सवयीनं एक माप बारीक घेतलं होतं, खर्ड्याच्या सुकन्येखालच्या जर्मनीसारखं. आईचं नाव तर नव्हतंच. मला एकदम तो मोकळा रकाना आठवला, झेंडा सगळ्यांत सुबक आणि खाली काही नाही. रकाना मोकळा बरा दिसत नाही म्हणून आम्ही त्यात दोन माणसं आणून बसवली होती, ज्यांना आम्ही कधी एक दिवस चुकू दिलं नव्हतं. ते मोकळं बघवत नव्हतं आम्हाला. आणि हर्षल सरांनाही आपला रकाना मोकळा नसणार बघवत, त्यात रागवायचं काय? मी तर स्वतः हसले होते फोटोत. पण माझा रकाना मोकळा नव्हता. भरलेला होता, गुंडाळून मागच्या खोलीत उभा होता, आणि त्याचा मालक कमरेवर हात ठेवून मला विचारत होता, कसा झालाय.

"पप्पा, आज मी त्या मॅडमना प्रश्न विचारला."

"कळलं," पप्पांचा चेहरा एकदम फुलला. "तुझ्या गहिनीनाथ सरांचा फोन आलता. म्हनले, पोरगीनं सभा जिंकली. काय म्हनल्या मग बाई? खर्डं काढलं का न्हाई त्यांनी?"

"काढलं. किल्ल्याची भिंत गरम असायची म्हणाल्या."

"व्हय, असतीय!" पप्पा आईकडं वळले, "बघ, म्हनलं नव्हतं का, आपल्या गावची हाय ती." एवढे खूश. मला ते बघवेना, म्हणजे बघत राहावंसं वाटलं. आता मी जे बोलणार होते त्यानं हा चेहरा उतरणार होता. उद्या चौकात घरातलं तोंड लागायचं नव्हतं. हर्षल सरांची सगळी छपाई आमच्या दुकानात येते, कदाचित तीही जाणार होती. आणि मला बारावीनंतर काय होईल याची कुणी हमी देणार नव्हतं. हे सगळं मला दिसत होतं. गेल्या वर्षीची मी असते तर हो म्हणाले असते, आतल्या आत, माझं मलाच ऐकू न येईल असं. मी चप्पल काढली. फ्लेक्सवर पाय ठेवला, स्वतःच्या गोऱ्या गालावर, आणि आईजवळ जाऊन बसले. खाली फरशीचा गारवा होता.

"आई, हातोडी ठेव जरा. पप्पा, तुम्हीपण बसा."

पप्पा बसले नाहीत, पण कमरेवरचे हात खाली आले.

"मी हर्षल सरांच्या क्लासला जाणार नाही," मी म्हणाले. आवाज चांगला मोठा निघाला, मशीनच्या घरघरीवरून. "मी त्यांच्याकडं शिकलेली नाही, आणि मला तिथं चुकता येत नाही. अकरावीला मी इथल्याच कॉलेजात साधं सायन्स घेणार. पुढच्या सप्टेंबरात परत ऑलिंपियाडला बसणार, दुसऱ्या फेरीत परत एकच सुटलं तर त्याच्या पुढच्या वर्षी परत. हर्षल सरांना मी स्वतः सांगणार, तुम्ही नाही. आणि हा फ्लेक्स चौकात लावायचा नाही."

आईनं माझ्याकडं बघितलं, मग पप्पांकडं. पप्पांनी वाकून फ्लेक्सची दुमडलेली कड सरळ केली, त्या अक्षरांजवळची. मशीन कुणाचा तरी वाढदिवस ओकत होतं.

"छापून झालाय गं," ते म्हणाले, हळू. "पंधरा बाय दहा हाय. ह्याचं आता काय करायचं?"

"उलटा पसरा," मी म्हणाले. "मागची बाजू मला लागणार आहे."